वास न येणारी बॅग

सुनेनं फोनवर माप सांगितलं. "आई, इकडे तुमच्या पलंगाखाली नऊ इंच उंची आहे बरं का. लांबीचा प्रश्न नाही, चार-साडेचार फूट आरामात जाईल. बाबांचं मासेमारीचं सामान तेवढ्यात बसवा. टाकून देऊ नका."

नऊ इंच मी कॅलेंडरच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवले. घर रिकामं करायला आठ दिवस उरले होते. हे जाऊन चार महिने झाले होते. मुलगा दर फोनला एकच म्हणायचा, "आई, एकटी राहू नकोस, ये आता." जायचं मी ठरवलं होतं. भांडी कोणाला, कपाट कोणाला, हेही ठरलं होतं. ठरत नव्हतं ते एकच. गॅलरीतलं यांचं सामान.

यांची नोकरी कारखान्यात लेथवर. आठवड्याची सुट्टी आली की उजाडायच्या आत गळ घेऊन जुन्या दगडखाणीच्या तळ्यावर. मासा घरी कधी आणला नाही. मोठा लागला तर मास्तरांना द्यायचा, लहान लागला तर पाण्यात सोडायचा. कारण घरात मी आणि माझा नेम. सकाळी अंघोळ, मग प्रार्थना, प्रार्थना होईपर्यंत तोंडातून शब्द नाही, जेवण एकवेळ, आणि घरात अभक्ष्य काही यायचं नाही. लग्न झालं तेव्हाच मी हे सांगितलं होतं. यांनी हसून म्हटलं होतं, "तुझा देव आत, माझे मासे बाहेर. भांडायचं कारणच काय?"

खरंच कधी भांडलो नाही. काठ्या, रीळं, डबे सगळं गॅलरीत राहिलं. एक काठी यांनी स्वतः वेळू तासून केली होती, बाकीच्या दोन दुकानातल्या. तिन्हींना गवसणी म्हणून जुन्या पँटचे पाय शिवलेले. गळ बिस्किटाच्या डब्यात, शिशाच्या गोळ्या औषधाच्या बाटलीत, तंगुसाची, म्हणजे गळाच्या नायलॉन दोऱ्याची, भेंडोळी फाटक्या हातमोज्यात. पाऊस आला की हे धावत जाऊन त्यावर प्लॅस्टिक टाकायचे. मी आतून खिडकी लावून घ्यायचे.

एकदा संध्याकाळी चहा पिताना म्हणाले, "अगं, त्या दुकानात एक बॅग पाहिली. चेन लावली की एकदम बंद. तसली घेतली, तर आत ठेवू देशील?"

"बघू," मी म्हटलं.

नाही म्हणायला जीव धजत नव्हता, आणि हो म्हणायला मन. त्या "बघू"मध्ये अकरा वर्षं गेली.

तर बॅग घ्यायची होती. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून मास्तरांना बोलावलं. मास्तर म्हणजे यांचे तळ्यावरचे जोडीदार. शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त. आले तेच कपाळाला हात लावून.

"वहिनी, तुम्ही आणि गळाचं दुकान! आज सूर्य कुठून उगवलाय तेवढं बघून येतो."

"भाऊजी, थट्टा नंतर करा. मला दोन गोष्टी हव्यात. नऊ इंचांच्या खाली मावली पाहिजे आणि महाग नको."

"आणि तिसरी?"

तिसरी मी सांगितली नाही. वास बाहेर येता कामा नये. सुनेचं घर नवं, पडदे नवे, तिच्या संसारात मी पहिल्यांदाच कायमची चालले होते. जाताना मासळीचा वास बरोबर न्यायचा, हे मनाला पटत नव्हतं.

दुकान लहान होतं. वर काठ्या टांगलेल्या, खाली बॅगांची रास. दुकानदारानं आधी महागातली काढली. कडक, नळीसारखी लांब, एका टोकाला चाकं.

"ही घ्या मावशी. आयुष्यभर जाईल."

"कोणाच्या?" मास्तर म्हणाले. "आमचं दोघांचं मिळून दहा-बारा वर्षांचं उरलंय. तेवढ्यापुरती दाखव, जरा स्वस्त पडेल."

दुकानदार हसला. मी टेप लावली. साडेदहा इंच. ती गेली.

मग त्यानं दोन काढल्या. एक जाळीची. तळाला जाड कापड, बाजूंना जाळी, दोन पट्टे, बस्स. सगळ्यांत स्वस्त. दुसरी काळी, प्लॅस्टिक चढवलेल्या कापडाची, चेनीवर रबराची पट्टी. किंमत बरीच होती, पण काचेत राहून तिचा एक भाग उन्हानं विटला होता, म्हणून कमी करून देत होता.

मास्तरांनी दोन्ही उलट्या केल्या. पट्टा जिथे बॅगेला शिवलाय तिथे दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. चेन तीनदा या टोकापासून त्या टोकाला नेली. "स्वस्त बॅग दोनच ठिकाणी मरते, वहिनी. पट्ट्याच्या मुळाशी आणि चेनीच्या शेवटच्या चार दातांत. या दोन्ही ठीक आहेत. माझं ऐका, जाळीची घ्या. ओलं सामान असतं, त्याला हवा लागते."

"पण वास?"

"वास येणारच की. माशाच्या सामानाला काय अत्तराचा वास येईल?"

दुकानदार मध्येच म्हणाला, "तुम्ही काकांच्या घरच्या का? उंच, लेथवर होते ते?"

मी मान हलवली.

"तरीच. काका नेहमी यायचे. ही काळीच हातात घ्यायचे. चेन लावायचे, मग बॅगेला नाक लावून विचारायचे, 'काय रे, आतला वास बाहेर येणार नाही ना?' मी म्हणायचो, 'काका, अजिबात नाही, घेऊन टाका.' म्हणायचे, 'घरी विचारतो.'" त्यानं बॅग पुढे सरकवली. "बऱ्याच दिवसांत आले नाहीत."

मास्तर पट्ट्याकडे बघत राहिले. मीच सांगितलं काय झालं ते. दुकानदारानं काळ्या बॅगेची किंमत आणखी थोडी उतरवली. मी नको म्हटलं, तरी ऐकेना.

मी काळी घेतली. यांना हवी होती ती. माझ्या मनात तेव्हा एवढंच होतं की यांची एक गोष्ट माझ्या हातून राहिली होती, ती आज होतेय. मास्तर परतीच्या वाटेवर फक्त एकदा म्हणाले, "सामान कोरडं असल्याशिवाय चेन लावू नका हं." मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी गॅलरीतलं सगळं खाली उतरवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला हात लावत होते. डब्याचं झाकण उघडलं आणि तो वास आला. चिखल, शेवाळ, जुनं तेल, मासळी. हे तळ्यावरून आले की दारातच मी टॉवेल आणि साबण घेऊन उभी असायचे, तो वास. मी पदर नाकाला लावला, तोही सवयीनं.

आणि मग धुवायला बसले. देवाची भांडी घासते तशाच मायेनं घासलं, खोटं नाही सांगत. बादलीत कढत पाणी, त्यात साबणाचा चुरा. दोन्ही रीळं त्यात रात्रभर बुडवून ठेवली. सकाळी पाण्यावर काळा तवंग आला होता. मला वाटलं, बघा, केवढी घाण होती. ब्रशनं काठ्यांवरच्या, दोरा ओवायच्या कड्या घासल्या, कॉर्कच्या मुठी घासल्या, गळाच्या दोऱ्याला बांधायचे लाकडी तरंगे घासले. वेळूची काठी ओल्या फडक्यानं दोनदा पुसली. पँटचे पाय धुऊन वाळत घातले. दोन दिवस आभाळ भरलेलं होतं. सामान नेणारा टेम्पो ठरल्यापेक्षा एक दिवस आधी आला, मुलाचा मित्रच होता तो, त्याला परत कसं पाठवायचं? हातानं चाचपलं तर सगळं कोरडंच लागलं. मी एकेक वस्तू पँटच्या पायांत घालून बॅगेत ठेवली. चेन शेवटच्या दातापर्यंत ओढली. नाक लावून पाहिलं. काही नाही.

सुनेच्या घरी बॅग पलंगाखाली बरोबर बसली. वर दोन बोटं जागा उरली. मुलगा म्हणाला, "आई, बाबांचं सामान शेवटी घरात आलं म्हणायचं." तो सहज बोलून गेला. मी प्रार्थनेला बसले की पाठीमागे पलंग असायचा. वाटायचं, चला, एकदाचे आत आले. रोज दुपारी केर काढताना हात घालून बॅगेवरची धूळ पुसायचे. उघडली मात्र कधी नाही. उघडली तर वास सुटेल, आणि सून काही बोलणार नाही, पण तिला वाटेल ना.

अडीच महिन्यांनी मास्तर भेटायला आले. सुनेनं चहा केला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर म्हणाले, "वहिनी, एक मागायला आलोय. माझं रीळ मोडलं. तुमच्याकडे त्याचं लहान रीळ आहे, ते मोसमापुरतं द्याल? वापरात राहील. परत आणून देईन, शपथ."

"शपथ कसली घेता? आहेच ते."

त्यांनी वाकून बॅग बाहेर ओढली. मी म्हटलं, "गॅलरीत नेऊन उघडा."

"का? आत साप आहे?"

त्यांनी चेन ओढली आणि हात तसाच राहिला.

वास आला. पण तो यांचा नव्हता. बंद विहिरीचा, कुजलेल्या चिंध्यांचा. पँटचे पाय काळ्या-हिरव्या बुरशीनं भरले होते. मास्तरांनी एकेक वस्तू काढून जमिनीवर ठेवली. वेळूची काठी मधोमध चिरली होती, चिरेत पांढरी लव. दुसऱ्या काठीच्या कड्या हात लावताच गळून पडल्या, मुठीचा कॉर्क दाबला तर पावासारखा दबला. गळ एकमेकांना चिकटून तांबड्या गंजाचा गोळा झाला होता. तरंग्यांचा रंग कापडाला लागून राहिला होता. मास्तरांनी लहान रीळ हातात घेतलं आणि दांडी फिरवली. फिरली नाही. जोर लावला, तेव्हा आतून दाणे भरडल्यासारखा आवाज आला.

"धुतलंत?" त्यांनी हळू विचारलं.

"हो."

"पाण्यात?"

"कढत पाण्यात. साबण घालून. रात्रभर."

 मास्तर रीळ खाली ठेवून म्हणाले, "याच्या आत वंगण असतं, वहिनी. तेच धुऊन गेलं. मग आत ओल राहिली, वर चेन बंद." लगेच सावरून घेतलं. "नाहीतरी जुनंच होतं. गॅलरीत पडून निम्मं आधीच गेलं असेल."

"खोटं बोलू नका, भाऊजी. तुम्हाला येत नाही."

ते तिथेच फरशीवर बसले. "सांगू का, तो तळ्यावरून निघताना तीनदा हात धुवायचा. वाळूनं, मग साबणानं, मग परत वाळूनं. आणि माझ्या नाकापुढे हात धरायचा. 'बघ रे, येतोय का?' मी म्हणायचो, 'येतोय.' पुन्हा जायचा धुवायला. मुद्दाम म्हणायचो मी. मजा वाटायची." त्यांनी बुरशी लागलेली बोटं चिंधीला पुसली. "आता वाटतं, एकदा तरी 'नाही येत' म्हणायला हवं होतं."

मला हे ठाऊक नव्हतं. मी दारात साबण घेऊन उभी राहायचे, आणि हे आधीच तीनदा धुऊन यायचे. कधी म्हणाले नाहीत. माझ्या हातातला साबण घ्यायचे आणि निमूट चौथ्यांदा धुवायचे.

सून दारात येऊन उभी होती. तिनं नाक दाबलं नाही. खाली वाकून चिरलेली काठी उचलली.

"आई, अशी बंद का ठेवली होती?"

"वास येऊ नये म्हणून. तुला त्रास नको."

"मी वासाचं म्हटलं होतं कधी?" ती रागावली नव्हती, खरंच आठवून पाहत होती. "माझे बाबा गॅरेजमध्ये होते. त्यांच्या शर्टाला ग्रीसचा वास यायचा. तो आल्याशिवाय मला झोप यायची नाही. ते गेल्यावर आईनं एक शर्ट तसाच ठेवला, न धुता. तुम्हाला म्हणूनच सांगितलं ना, टाकून देऊ नका म्हणून."

मी खाली बसले. गुडघे दुखतात, तरी बसले. एकेक चिंधी नाकाशी धरून पाहिली. कुठेतरी, एखाद्या शिवणीत, कोपऱ्यात, थोडा तरी राहिला असेल. मी फार नीट धुतलं होतं. माझ्या हातचं काम नीटच असतं, सगळे म्हणतात.

सूनही शेजारी बसली. मास्तर उठून चपला घालू लागले. मी म्हटलं, "भाऊजी, यातलं काय उरलंय तेवढं सांगून जा."

ते परत आले. बराच वेळ निवडत बसले. शेवटी एक काठी बाजूला ठेवली, तिच्या कड्या गंजल्या होत्या, पण घट्ट होत्या. शिशाच्या गोळ्यांची बाटली ठीक होती. शिशाला काय होतंय? तंगुसाचं एक भेंडोळं. बाकी सगळं त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलं.

"काठी तुम्ही न्या," मी म्हटलं.

"नाही. ती इथेच राहू दे. पण उघडी ठेवा. दर पंधरा दिवसांनी कड्यांना तेलाचं बोट लावा. एवढंसं. आणि वहिनी, ती काळी बॅग फेकून द्या. तिच्या अस्तरात बुरशी शिरलीय, ती आता निघायची नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेत माझं मन लागलं नाही. नावं घेता घेता मोजणी तीनदा चुकली. देवाला माझा नेम किती वर्षं माहीत आहे. यांचं सामान बाहेर ठेव, असं त्यानं मला कधी सांगितलं होतं? मी आठवून पाहिलं. सून आठवत होती तसंच. त्या दिवशी प्रार्थना संपल्यावरही बराच वेळ माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. सुनेला वाटलं, नेम वाढवला की काय.

ती म्हणाली, "आई, काठी भिंतीला टेकून ठेवली तर येता-जाता पाय लागेल. चला, दुसरी बॅग आणू. हवेची."

आम्ही दोघी त्याच दुकानात गेलो. सुनेची सुट्टी होती, म्हणून दोन बस बदलून गेलो. दुकानदारानं ओळखलं. "काय मावशी, काळी कशी निघाली?"

"बॅग चांगली निघाली," मी म्हटलं. तिचा काय दोष? आतला वास बाहेर येणार नाही, असं त्यानं सांगितलं होतं, आणि तसंच झालं होतं.

त्यानं जाळीची काढून दिली. मी मास्तरांसारखा पट्टा मुळाशी ओढून पाहिला. चेन शेवटच्या चार दातांपर्यंत नेली. सून बघत होती. मग तिनं बरोबर आणलेली काठी मधल्या जोडावर सुटी करून आत ठेवली. बाटली ठेवली, भेंडोळं ठेवलं. काठी आत इकडून तिकडे गडगडली.

"यात बरंच मावतं," दुकानदार म्हणाला. "तीन काठ्या, दोन रीळं, डबे, सगळं. बाकीचं सामान आणलं नाहीत?"

"याहून लहान आहे का?" मी विचारलं.

"यापेक्षा लहान येत नाही, मावशी. एका काठीसाठी कोण बॅग घेतं?"

सून पाकीट काढत होती. मी तिचा हात धरला आणि पैसे मी दिले. बॅग खांद्याला लावली. ती अगदीच हलकी होती. बसमध्ये सून म्हणाली, "द्या इकडे, मी घेते." मी नको म्हटलं आणि मांडीवर आडवी धरून बसले.